पाटी उद्धट चालेल, खोटी चालणार नाही

मित्रांनो, पुण्यात पाटी म्हणून जन्माला यायचे तर अंगात थोडी खोच असावीच लागते. मी तशीच एक पाटी आहे, आणि आता बऱ्यापैकी जुनी झाले आहे. पण मला शोधायला तुम्ही मंडईमागच्या गल्लीत गेलात आणि दारोदारचे खिळे तपासत बसलात, तर हात हलवत परत याल. मला खिळा नाही, सुतळी नाही, आणि रंगाऱ्याचा ब्रश माझ्या अंगावरून कधी फिरलेला नाही. मी राहते वेबसाइटवर. बापूरावांच्या भाजणी-पिठांच्या दुकानाचे पान फोनवर उघडले की सगळ्यात वर पिवळ्या जमिनीवर काळ्या अक्षरांत जी सूचना दिसते, ती मी.

तुमच्यात तीन वर्षांच्या मुलीला बालवाडीत घालतात. आमच्यात तीन वर्षांची पाटी म्हणजे पिकले पान. रोज नवीन काहीतरी निघते आणि कालचे आज अडगळीत जाते. तरी मी टिकून आहे. कशी टिकले, आणि एका दिवाळीत माझ्या अंगावर 'कायमचे बंद' हे शब्द येता येता कसे राहिले, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म दुपारचा, तराजूच्या शेजारचा. वेळ मुद्दाम सांगते आहे. आमच्या दुकानात दुपारी एक ते चार चिटपाखरूही फिरकत नाही. बापूराव दुकान बंद करून माडीवर जेवायला जातात आणि जेवून झोपतात. ही झोप त्यांना वडिलांकडून मिळालेली आहे, दुकानाबरोबर. गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे की त्या वेळात चेंडू बापूरावांच्या शटरवर आदळला, तर तो परत मागायला जायचे नसते.

त्या वेळात अर्धे शटर ओढून खाली एकच माणूस जागे असे. ती आनंदी, बापूरावांची सून. अकोल्याची. लग्न होऊन पुण्यात आली, शनिवारवाडा पाहिला, शिकरण खायला शिकली, पण बोलण्यातले 'जी' काही सुटले नाही. तिचा नवरा अभय सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जाई तो दिवे लागल्यावर परते. त्याने टाकून दिलेला एक लॅपटॉप होता. त्याचे झाकण रबरबँड लावून बंद ठेवावे लागे. याच लॅपटॉपवर मी जन्मले.

पण त्याआधी घरात काय चालले होते ते सांगायला हवे. आनंदीच्या सासूबाई गेल्यापासून बापूरावांचे दुकानातले लक्ष उडाले होते. गुडघे कुरकुरत होते. भाजणी मात्र ते स्वतःच भाजत, दुसऱ्या कुणाला कढईला हात लावू देत नसत. एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी जाहीर केले, "या दिवाळीच्या पाडव्यापर्यंत दुकान. पुढे नाही. माझ्यामागे त्याचे हाल होण्यापेक्षा मी आपल्या हाताने शटर ओढलेलं बरं."

अभयने मान डोलावली. आनंदीने डोलावली नाही.

"मी चालवते ना, बाबा," ती म्हणाली.

बापूरावांनी बशी खाली ठेवली. "दुकान चालवणं म्हणजे स्कूटी चालवणं नव्हे, सूनबाई."

"ती पण आधी येत नव्हती. शिकले ना जी."

पुणेकराला उत्तर सुचले नाही की तो तारीख देतो. "ठीक आहे," ते म्हणाले. "दिवाळीचा हंगाम बघू. पाडव्याला सांगतो."

तेव्हा श्रावण चालू होता. म्हणजे आनंदीच्या हातात तेवढेच दिवस होते. तिला हे दुकान मनापासून हवे होते. भाजणीचा खमंग वास सुटला की तिला आपण परक्या गावात आहोत हे विसरायला होई. त्या वासासाठी ती काहीही शिकायला तयार होती.

आणि शिकायला कारणही समोरच होते. दुकानातला फोन दिवसभर वाजे. चकलीची भाजणी आहे का? आज उघडे आहे का? बापूराव उत्तर देत, "फोन उचलला म्हणजे मी आहे. भाजणी आहे का ते तिला येऊन विचारा." असे उत्तर ऐकून काही लोक हौसेने येत, आणि बाकीचे दुसरीकडे जात. आनंदीने ठरवले की दुकानाचे एक पान करायचे. त्यावर आज काय आहे आणि दुकान उघडे आहे की बंद, एवढे दोनच प्रश्न कायमचे मिटवून टाकायचे.

तिची कॉलेजची मैत्रीण शेफाली विश्रांतवाडीला राहायची आणि एका कंपनीत वेबसाइटच बनवायची. तिने फोनवर सांगितले, "अगं, सगळं एकदम लिहायला जाऊ नकोस. एक लायब्ररी आहे, ती घे. म्हणजे पुस्तकांची नाही गं. तयार हत्यारांची पेटीच समज. त्यात पान अख्खं लिहायचं नसतं. छोटे छोटे तुकडे करायचे, त्यांना कंपोनंट म्हणतात. एक तुकडा एकदाच नीट बनवायचा आणि लागेल तिथे वापरायचा."

आनंदीने दुपारी लॅपटॉपचा रबरबँड काढला आणि 'सुरुवात कशी करावी' हा पहिला धडा उघडला. धडा इंग्रजीत होता. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचायची आणि मान वर करून दुकानाकडे बघायची. असे दोन-तीन वेळा बघितल्यावर तिला हसूच आले. हे तर सगळे समोरच मांडलेले होते! एकसारखे डबे, आत वेगवेगळे पीठ. डबे फळीवर, फळ्या दुकानात. तिने आपल्या तुकड्यांना तीच नावे दिली. पिठाचे नाव आणि चित्र दाखवणारा तो डबा. डबे ओळीने मांडून धरणारी ती फळी. सगळ्यांना पोटात घेणारे ते दुकान. आणि दुकान म्हटले की दारावर पाटी हवी, म्हणून मी.

मित्रांनो, जन्मताच मी रुसले होते. आनंदीने मला लिहिले, सेव्ह केले, पान उघडले, आणि मी दिसलेच नाही. डबे दिसत होते, फळी दिसत होती, वर मात्र नुसती कोरी जागा. तिने फोन लावला. "शेफाली, अवं ही काऊन दिसत नाही? सगळं बरोबर लिहिलं ना मी!"

"नाव काय दिलंस? पहिलं अक्षर कॅपिटल आहे का?"

"नाही. छोटंच आहे."

"मग कशी दिसेल? कंपोनंटचं नाव मोठ्या अक्षराने सुरू करावं लागतं. नाहीतर लायब्ररीला वाटतं कुणीतरी असाच आलागेला आहे, आणि ती लक्षच देत नाही."

आनंदी हसत सुटली. "म्हणजे आधी मान द्यायचा, मग काम होणार. हे तर पक्कं पुण्याचं आहे!" तिने माझे पहिले अक्षर मोठे केले आणि मी पिवळ्याधमक अंगाने पानावर उमटले. तो आनंद मी अजून विसरले नाही. आनंदीने टाळी वाजवली आणि लगेच तोंडावर हात धरून वर माडीकडे पाहिले. बापूराव घोरत होते.

मग तिने मला दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे मजकूर. तो माझ्या पोटात लिहिलेला नसतो, तो मला दरवेळी बाहेरून हातात दिला जातो. ताट तेच, वाढायचे ते वाढणाऱ्याने ठरवायचे. दुसरी गोष्ट म्हणजे आठवण. दुकान चालू आहे की बंद, हे मी लक्षात ठेवायचे. घरच्यांनाच दिसणारे एक बटण दाबले की चालूचे बंद, पुन्हा दाबले की बंदचे चालू. दाबलेले बटण सगळ्या लोकांच्या फोनवर पोहोचावे, ही सोय शेफालीने एका रविवारी येऊन जोडून दिली आणि जाताना अर्धा किलो मेतकूट घेऊन गेली.

माझ्या जन्माच्याच दिवशी चार वाजता बापूराव खाली आले. चष्मा लावून त्यांनी मला बराच वेळ न्याहाळले. माझ्या अंगावर तेव्हा 'आपले स्वागत आहे' असे लिहिलेले होते.

"स्वागत कशाला? इथे काय मुंज आहे?" ते म्हणाले. "येणारा आपल्या कामाला येतो. लिही, 'पिशवी घरून आणावी. आमच्या पिशव्या आमच्या घरी लागतात.'"

आनंदीने लिहिले.

बापूरावांनी पुन्हा पाहिले. "रंग बरा आहे," असे म्हणून ते कढईकडे वळले. मित्रांनो, सदाशिव पेठेपासून मंडईपर्यंत कुणालाही विचारा, 'बरा आहे' याच्या वरचे बक्षीस इथे दिले जात नाही. आनंदीचे पाय त्या दिवशी जमिनीला लागले नाहीत, आणि माझेही लागले नसते, असते तर.

गणपती गेले, नवरात्र आले, आणि पान वाढत गेले. आधी एकच पान होते. मग पिठांचे वेगळे पान झाले, फराळाचे झाले, दुकानाच्या पत्त्याचे झाले. प्रत्येक पानावर पाटी हवी होती. खरे तर मला तिथे बोलावले असते, तर मी एका पायावर तयार होते. त्यासाठीच तर माझा जन्म होता. पण घाईत माणसाला शहाणपण सुचत नाही आणि नवऱ्याला मात्र सल्ला सुचतो. अभयने बूट काढता काढता सांगितले, "अगं, कॉपी-पेस्ट करून टाक ना. आम्ही ऑफिसमध्ये तेच करतो."

तिने तेच केले. माझे सगळे अंग उचलले आणि पानापानावर चिकटवले. प्रत्येकीचा पिवळा रंग माझाच, अक्षरे माझीच. पण प्रत्येकीला आपली आपली वेगळी आठवण. एकीला दुसरीची खबर नाही. आनंदीचे सगळे लक्ष त्या नव्या पानांवर गेले आणि मी पहिल्या पानावर एकटी पडले. फराळाच्या पानावर झुंबड उडाली होती. पहिल्या पानावर यायचे ते फक्त बापूराव, एकला बटण दाबून मला 'बंद' करायला आणि चारला 'चालू' करायला. मला वाईट वाटायचे. तरी मनाशी म्हणायचे, मालक तर आपल्याच दारातून ये-जा करतो, मग बाकी काय हवे?

आणि एका दुपारी व्हायचे ते झाले.

त्या दिवशी बापूरावांनी एकला मला 'बंद' केले, फोन उशाशी ठेवला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या उशाशी इमानाने 'बंद' दाखवत होते. त्याच वेळी विश्रांतवाडीच्या सुनीतीबाईंनी आपल्या फोनवर फराळाचे पान उघडले. तिथली माझी नक्कल हसऱ्या चेहऱ्याने सांगत होती, 'दुकान चालू आहे.' तिला कुणी बंद केलेच नव्हते. सुनीतीबाई या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांच्या सोसायटीच्या भिशीतल्या सगळ्या बायकांची चकलीची भाजणी त्याच नेणार होत्या. त्या स्वारगेटच्या बसने निघाल्या, भर उन्हात चालत मंडईमागे पोहोचल्या आणि समोर पाहतात तो शटर बंद. आनंदी नेमकी मागच्या अंगणात धणे वाळत घालत होती. सुनीतीबाईंनी शटर वाजवले. मुख्याध्यापिकेच्या हाताने वाजवले.

माडीवर बापूराव ताडकन उठून बसले. पोरांनी चेंडू लपवला.

खिडकीतून डोके बाहेर आले. "काय आहे?"

"भाजणी हवी आहे."

"दुकान बंद आहे. दिसत नाही का आपल्याला?"

"मला दिसतं," सुनीतीबाईंनी फोन वर धरला. "तुमच्या पाटीला दिसत नाही. ही म्हणते चालू आहे. मी पाटी वाचून आले, तुमचा चेहरा वाचून नाही."

बापूराव खाली आले. त्यांनी चष्मा लावून त्या फोनकडे पाहिले, मग आपल्या फोनकडे पाहिले. एकीकडे बंद, दुसरीकडे चालू. त्यांनी शटर वर केले आणि भाजणी बांधून दिली. आनंदी धावत आली, माफी मागायला लागली. "तुम्ही नका मागू," सुनीतीबाई म्हणाल्या, "पाटीनं मागावी," आणि पिशवी घेऊन निघून गेल्या. पिशवी त्यांनी घरूनच आणली होती.

त्या गेल्यावर बापूराव स्टुलावर बसले. त्यांना राग आला असता तर बरे झाले असते. ते नुसते थकल्यासारखे दिसत होते.

"सूनबाई, आमच्या वडिलांनी एक सांगितलं होतं. पाटी उद्धट असली तर चालेल, खोटी असून चालणार नाही. चारला उघडणार लिहिलं तर चारला उघडायचं, मग घरात काही होवो. तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा आठवडाभर बंद होतं, तर तसं लिहून बंद होतं. आज पहिल्यांदा या दुकानाच्या पाटीनं माणसाला फसवलं."

"चूक माझी आहे, बाबा. मी शोधते ना."

"नको. पाडव्याची वाट बघण्यात अर्थ नाही. लिहून टाक, 'दुकान कायमचे बंद.' निदान ते तरी खरं असेल."

आनंदीने लॅपटॉप उघडला. सासऱ्यांचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती. तिने मजकुराच्या चौकटीत टाइप केले, दुकान कायमचे बंद. मित्रांनो, ते शब्द माझ्या दारात येऊन उभे होते. फक्त एक कळ दाबायची बाकी होती. मला नको होते ते शब्द. पण पाटीला नको म्हणता येत नाही. हातात दिले ते दाखवायचे, एवढाच आमचा धर्म. त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी पुन्हा कधी वाटली नाही.

आनंदीचे बोट कळेवरून मागे आले.

"उद्या दुपारपर्यंत वेळ द्या जी," ती म्हणाली. "मग तुम्ही सांगाल ते मी स्वतः लिहीन."

"दुपारी मी झोपतो."

"म्हणूनच दुपार म्हटलं."

दुसऱ्या दिवशी एक वाजला, शटर अर्धे खाली आले, आणि बापूराव जेवून झोपले नाहीत. जिना उतरून ते खाली आले आणि पिठाच्या पोत्यावर बसून सुनेकडे पाहत राहिले. असे आजवर घडलेले नव्हते. तिने एकेक पान उघडले आणि माझी एकेक नक्कल खोडायला घेतली.

"खोडतेस काय?"

"खोट्या पाट्या. बाबा, मी काय केलं होतं सांगू? प्रत्येक पानावर वेगळी पाटी टांगली, आणि उघडं की बंद हे प्रत्येकीच्या मर्जीवर सोडलं. तुम्ही एकीला सांगितलं, बाकीच्यांना कळलंच नाही."

"असं कोण करतं? दुकान उघडं की बंद, ते पाटीनं कसं ठरवायचं? ते दुकानानं ठरवायचं. पाटीनं नुसतं सांगायचं."

आनंदीचे हात थांबले. धड्यात हेच लिहिलेले होते. आठवण तुकड्यातुकड्यांत ठेवू नका, ती उचलून वर घ्या, सगळ्यांच्या वर जो आहे त्याच्याकडे एकाच जागी ठेवा. ती ते काल दोनदा वाचूनही अडखळली होती. "हेच, बाबा! अगदी हेच आहे ते," असे म्हणत तिने माझ्या पोटातली चालू-बंदची आठवण काढून घेतली आणि वर दुकानाकडे दिली. मला अगदी हलके वाटले. मग तिने मलाच, खऱ्या मला, प्रत्येक पानावर बोलावले. मी एकच, पण सगळीकडे. दुकान जे सांगेल तेच सगळीकडून बोलणारी.

तिने लॅपटॉपवर फराळाचे पान उघडले, आपल्या फोनवर पत्त्याचे. "दाबा आता."

बापूरावांनी आपल्या फोनवरचे बटण दाबले. सगळीकडे एकदम 'बंद'. पुन्हा दाबले. सगळीकडे 'चालू'. त्यांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा दाबले, पुन्हा दाबले. चालू, बंद, चालू, बंद. त्यांच्या चेहऱ्यावर असे काही हसू पसरले की आनंदी लॅपटॉप सोडून त्यांच्याकडेच पाहत राहिली. इतक्यात फोन वाजला. शेफाली होती. "आनंदी, तुमच्या दुकानाला काय झालंय? उचकी लागलीय का?"

बापूरावांनी फोन आपल्या हातात घेतला. "शेफालीबाई, दुकान ठणठणीत आहे. मालक शिकतायत."

त्या 'कायमचे बंद'ची गोष्ट कुणी काढली नाही. पाडव्याचा निर्णय पाडव्यावर गेला. पण सुनीतीबाईंचे देणे राहिले होते. बापूराव म्हणाले, "माफी पाटीनं मागावी असं त्या म्हणाल्या. मग पाटीनंच मागायला हवी." आणि पहिल्यांदाच त्यांनी स्वतः, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत माझ्या चौकटीत मजकूर लिहिला:

'काल भर दुपारी आमच्या पाटीने एका सन्माननीय ग्राहकांस खोटे सांगितले. पाटीला समज देण्यात आली आहे. ग्राहकांनी पुन्हा विश्वास ठेवण्यास हरकत नाही.'

आता तुम्हीच सांगा, खोटे बोलल्या त्या नकला, आणि समज मला! पण मी काही मनावर घेतले नाही, कारण त्या मजकुराने मला जे दिवस दाखवले, ते भल्याभल्या पाट्यांच्या नशिबी येत नाहीत. कुणीतरी माझा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कोथरूडला गेला, कोथरूडहून अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांकडे गेला आणि तिथून परत त्यांच्या आईवडिलांकडे आला. सुनीतीबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. "माफी पोहोचली," म्हणाल्या, आणि मागे पाहिले तर त्यांची अख्खी भिशी रांगेत उभी.

मग बापूरावांना चटकच लागली. रोज सकाळी कढई तापत ठेवायची आणि माझ्यावर नवे काहीतरी लिहायचे. 'चकली मऊ पडल्यास भाजणीला दोष देऊ नये, शेजारणीला विचारावे.' 'गर्दीत ढकलू नये. भाजणी पळून जात नाही, आम्हीही नाही.' लोक दुकानात यायच्या आधी मला वाचायला यायचे. आनंदी मापे करत होती, पिशव्या बांधत होती, फळीवर संपलेल्या डब्यांवर 'उद्या' लिहीत होती, आणि अधूनमधून कढईपाशी उभी राहून नुसता वास घेत होती. एकदा बापूरावांनी तिच्या हातात झारा दिला. "हलवत राहा. करपलं तर तुझ्यावर पाटी लिहीन," ते म्हणाले. करपले नाही.

पाडव्याची सकाळ उजाडली. व्यापाऱ्यांचे नवे वर्ष. दारात रांगोळी होती, तराजूला झेंडूचे फूल होते. अभयला सुट्टी होती, तोही नवा शर्ट घालून उभा होता. आनंदीने रोजच्यासारखा लॅपटॉप उघडून मला समोर घेतले, आणि तिची नजर बापूरावांच्या हातातल्या फोनवर होती. बापूरावांनी चष्मा पुसला आणि ते लिहायला लागले. मला अक्षरे एकेक करून दिसत होती.

दुकान. मग एक मोकळी जागा. मग 'का'.

ते थांबले. बापूरावांनी 'का' खोडले, कढईकडे एकदा पाहिले, सुनेकडे पाहिले नाही, आणि पुन्हा लिहायला घेतले. या वेळी बोट थांबले नाही. बटण दाबले गेले आणि पानापानांवर, गावभरच्या फोनांवर, मी सांगू लागले:

'दुकान चालू राहील. मालक बदलले आहेत. नव्या मालकीणबाई अकोल्याच्या आहेत, त्यामुळे बोलणे गोड मिळेल. जुन्या मालकांना भाजणीच्या कामावर ठेवून घेण्यात आले आहे.'

आनंदीने वाचले. पुन्हा वाचले. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती हसायलाही लागली, दोन्ही एकदम.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "तुम्हाला कामावर ठेवते असं मी कुठं म्हटलं जी?"

बापूरावांनी फोन खाली ठेवला, सदरा नीट केला आणि हात जोडून तिच्यासमोर उभे राहिले. "मग घ्या मुलाखत. काय विचारायचं ते विचारा, मालकीणबाई."

तिने वाकून नमस्कार केला. तेवढ्यात बाहेर रांग लागली होती, आणि अभयला पिशव्या उघडून धरायच्या कामाला लावण्यात आले.

मित्रांनो, आम्ही पाट्या बोलूनचालून गरीब. जे हातात द्याल तेच दाखवू. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. एखादी वस्तू करायची तर एकदाच करा, नीट करा, नाव देऊन करा, आणि लागेल तिथे तिलाच बोलवा. नक्कल मारून वेळ वाचत नाही, पुढे कुणाची तरी झोप मोडते. आणि तुमच्या घरात कुणी नवीन काही शिकत असेल, तर त्याच्या पहिल्या चुकीवर 'कायमचे बंद' असे लिहू नका. उद्या दुपारपर्यंत वेळ द्या.